मोटारीचा दिवा आणि त्यावरची अक्षरे



ह्या व्याख्यानमालेत आमच्या अगोदर मोठमोठ्या विषयांवर विद्वानांची भाषणे झाली. त्यानंतर मोटारीच्या हेडलाइटवर व्याख्यान आहे असे वाचून काही मंडळींनी चिटणीसांना विचारले म्हणे, की ही छापखान्याची चूक तर नव्हे? चूक झालेली नाही. विषय आम्ही स्वतः मागून घेतला आहे. शाळा आम्ही सातवीत सोडली. त्यापुढचे आमचे शिक्षण कामगारांच्या तक्रारींनी केले. पगाराची तक्रार आली तेव्हा हजेरीपत्रक वाचायला शिकलो, अपघाताची आली तेव्हा कायद्याचे पुस्तक उघडले, आणि दिव्याची तक्रार आली तेव्हा दिवा वाचायला शिकलो. आज सांगणार आहोत ते ह्या शेवटच्या शिक्षणाविषयी.

गोष्ट २०१६ सालची. मोटार-दुरुस्तीच्या एका कारखान्यातला एक तरुण फिटर आमच्या कचेरीत आला. गिऱ्हाइकाच्या परदेशी बनावटीच्या जुन्या गाडीचा एका बाजूचा हेडलाइट गेला होता. मालकाने बाजारातून नवा बल्ब आणवला आणि ह्याच्या हातात दिला. बल्ब बसेना. बुडाशी एक दाता आडवा येत होता. पोराने मालकाला तसे सांगितले. मालक म्हणाला, "बसत नाही म्हणजे काय? कानस मार आणि बसव." त्याने कानस मारली, दाता घासला आणि बल्ब बसवला. दिवा लागला, लुकलुकला आणि चार दिवसांनी कायमचा गेला. जाताना त्याला वीज पुरवणारे यंत्रही घेऊन गेला. गिऱ्हाईक भांडायला आले, मालकाने भरपाई दिली आणि ती रक्कम पोराच्या पगारातून हप्त्याहप्त्याने कापण्याची नोटीस त्याच्या हातात ठेवली. नोटिशीत कारण होते, "कामातील हयगय."

त्या वेळी लागू असलेल्या १९३६ च्या वेतनविषयक कायद्याप्रमाणे कामगाराच्या हयगयीमुळे नुकसान झाले तर पगार कापता येत असे. पण त्याआधी त्याला आपली बाजू मांडण्याची संधी देणे भाग होते. ती संधी आम्ही मागितली आणि मिळाली. पण बाजू मांडायची म्हणजे काय मांडायचे? दिवा का गेला हे आम्हांला ठाऊक नव्हते, पोराला नव्हते आणि मालकालाही नव्हते. म्हणून तो जळका बल्ब आणि त्याच्या जागी पूर्वी असलेला बल्ब असे दोन्ही आम्ही घरी नेले आणि भिंग घेऊन बसलो. दोन्हींच्या बुडावर बारीक अक्षरे होती. एकावर डी-१-एस, दुसऱ्यावर डी-३-एस. सगळा खटला त्या एका आकड्यात होता.

झेनॉन म्हणजे काय

१८९८ साली लंडनमध्ये विल्यम रॅम्से आणि मॉरिस ट्रॅव्हर्स हे दोन रसायनशास्त्रज्ञ हवा अतिशय थंड करून तिचा द्रव बनवीत आणि तो हळूहळू उडू देऊन मागे काय उरते ते पाहत. तळाशी उरलेल्या गाळात त्यांना एक नवा वायू सापडला. त्यांनी त्याला ग्रीक भाषेतील 'परका' ह्या अर्थाच्या शब्दावरून झेनॉन हे नाव दिले. नाव साजेसे आहे. हवेच्या एक कोटी भागांत हा परका पाहुणा एक भागदेखील पुरता भरत नाही. तो सहसा कोणाशी संयोग पावत नाही, जळत नाही आणि गंजत नाही. पण त्यातून विजेचा प्रवाह नेला, तर तो लखलखीत पांढरा प्रकाश देतो.

आपल्या ओळखीचा जुना मोटारीचा बल्ब हॅलोजनचा. त्यात टंगस्टनची तार असते. वीज गेली की ती तापून पांढरी होते आणि उजेड देते. तत्त्व घरच्या जुन्या पिवळ्या बल्बाचेच. झेनॉनच्या दिव्यात तारच नसते. वाटाण्याएवढ्या क्वार्ट्झच्या बुडबुड्यात दोन टोके समोरासमोर, सुमारे चार मिलिमीटर अंतरावर बसवलेली असतात. बुडबुड्यात दाबाखाली झेनॉन आणि थोडे धातूंचे क्षार भरलेले असतात. टोकांमध्ये विजेची कमान पेटते. आपल्यापैकी ज्यांनी वेल्डिंगचे काम पाहिले असेल त्यांनी ही कमान पाहिलीच आहे. फरक इतकाच, की इथे ती कुपीत बंद आहे. झेनॉन पहिल्या क्षणी उजेड देतो, मग क्षार तापून त्यांची वाफ होते आणि काही सेकंदांत दिवा पुरत्या तेजाला येतो. झेनॉनचा दिवा लागल्यावर त्याचा रंग बदलताना दिसतो तो ह्यामुळे.

आता ही कमान पेटवायची कशी? मोटारीच्या बॅटरीत बारा व्होल्ट असतात. कमानीची पहिली ठिणगी पाडायला सुमारे वीस हजार व्होल्टांहून अधिक दाब लागतो. एकदा पेटल्यावर मात्र थोड्या दाबावर ती टिकून राहते. ह्यासाठी दोन साधने असतात. आपल्या घरच्या जुन्या ट्यूबलाइटला एक चोक आणि एक स्टार्टर असे, ते आठवावे. इथेही तसेच. ठिणगी पाडणारा तो स्टार्टर, त्याला इग्नायटर म्हणतात. आणि नंतर प्रवाह मापात ठेवणारा तो चोक, त्याला बॅलास्ट म्हणतात. जो दिवा ज्या चोकासाठी बनवला, तो त्याच चोकावर चालायचा. सर्व घोटाळा ह्या एका नियमाच्या विस्मरणातून होतो.

मोटारीत असा दिवा प्रथम १९९१ साली जर्मनीच्या बीएमडब्ल्यू कंपनीने आपल्या सातव्या मालिकेच्या गाडीत, तोही फक्त डिपरसाठी दिला. पुढे वीस-पंचवीस वर्षे महागड्या गाड्यांची ही ओळख होऊन बसली. आज नव्या गाड्यांत त्याची जागा बहुतेक एलईडीने घेतली आहे. मग आज त्यावर बोलायचे कशाला? कारण ज्या गाड्यांत झेनॉन आहे त्या आता दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या हाती आल्या आहेत. गाडीबरोबरची माहितीपुस्तिका कधीच हरवली आहे, आणि दिवा बदलतो तो कोपऱ्यावरचा मिस्त्री. परका पाहुणा आता आपल्या गल्लीत राहायला आला आहे. त्याची भाषा आपल्यालाच शिकली पाहिजे.

अक्षरे कशी वाचावी

बल्बाच्या बुडावरील खूण तीन भागांची असते. पहिले अक्षर 'डी'. त्याचा अर्थ हा कमानीचा, म्हणजे विसर्गाचा दिवा आहे. मग आकडा येतो आणि शेवटी 'एस' किंवा 'आर' हे अक्षर.

आधी आकडा पाहू. एक ते चार हे मुख्य आकडे. त्यांत दोन प्रश्नांची उत्तरे आहेत. पहिला प्रश्न : स्टार्टर कोठे आहे? एक आणि तीन ह्या विषम आकड्यांत तो बल्बाच्या बुडालाच जोडलेला असतो. म्हणून त्या बल्बाखाली चौकोनी धातूची डबी दिसते. दोन आणि चार ह्या सम आकड्यांत तो वेगळा, दिव्याच्या घरात असतो; म्हणून बल्बाचे बूड साधे गोल दिसते. दुसरा प्रश्न : आत पारा आहे काय? एक आणि दोन ह्यांत थोडा, अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास, पारा असतो. तीन आणि चार ह्यांत नसतो.

पारा काढून टाकण्याचे कारण उघड आहे. तो विषारी आहे आणि भंगारात गेलेल्या मोटारींतून तो माती-पाण्यात उतरतो. युरोपात १ जुलै २०१२ पासून मान्यता मिळणाऱ्या नव्या मोटारप्रकारांत पाऱ्याचे हेडलाइट देण्याची सवलत संपली. जुन्या गाड्यांसाठी सुटे बल्ब मात्र मिळत राहिले. पण पारा काढला की दिव्याचा स्वभाव बदलतो, आणि आमच्या खटल्याचे मर्म इथेच आहे. पारा असलेला दिवा पेटल्यावर सुमारे ८५ व्होल्टांवर चालतो. पारा नसलेला सुमारे ४२ व्होल्टांवर. दोघेही ३५ वॉटचे. आता शाळेतला हिशेब करावा. वॉट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर. ३५ ला ८५ ने भागले तर अँपिअर येतात सुमारे ०.४१, ३५ ला ४२ ने भागले तर सुमारे ०.८३. म्हणजे पाऱ्याविना चालणाऱ्या दिव्याला दुप्पट प्रवाह हवा. जुन्या चोकाची तेवढी ताकद नसते. अशा चोकावर नवा दिवा लावला तर तो लुकलुकतो, विझतो, नाही तर चोकच तापून निकामी होतो.

बनवणाऱ्यांना हा धोका ठाऊक होता. म्हणून त्यांनी एक आणि तीन, तसेच दोन आणि चार, ह्यांच्या बुडाच्या खाचा आणि दाते मुद्दाम वेगळे ठेवले. जो एकाच्या घरात बसतो तो तिनाच्या घरात बसू नये, अशी ती योजना. म्हणजे तो आडवा आलेला दाता हा कारागिराच्या कामातील अडथळा नव्हता; तो दूर देशीच्या कोणा अभियंत्याने आमच्या फिटरला पाठवलेला निरोप होता, 'हा दिवा इथला नव्हे.' तो निरोप कानशीने घासून टाकला गेला.

आता शेवटचे अक्षर. 'एस' हा दिवा प्रोजेक्टरसाठी, म्हणजे ज्या हेडलाइटमध्ये मध्यभागी काचेचे फुगीर भिंग दिसते त्यासाठी. 'आर' हा रिफ्लेक्टरसाठी, म्हणजे ज्यात भिंग नसून मागे आरशासारखी वाटी असते त्यासाठी. प्रोजेक्टरमध्ये भिंगाच्या आत एक पत्रा असतो; तो नको असलेला उजेड कापतो. रिफ्लेक्टरमध्ये असा पत्रा नाही. म्हणून 'आर' दिव्याच्या काचेवरच काळसर अपारदर्शक पट्टे रंगवलेले असतात आणि तेच उजेड अडवतात. ह्यामुळेच प्रमाणात 'एस' चा उजेड ३,२०० ल्युमेन धरला आहे आणि 'आर' चा २,८००. उजेड जास्त म्हणून कोणी 'आर' च्या जागी 'एस' बसवला, तर पट्टे नसल्यामुळे जो उजेड अडायचा तो समोरच्याच्या डोळ्यांत जातो. चारशे ल्युमेन मिळाले असे त्याला वाटते. ते दुसऱ्याच्या डोळ्यांतून काढलेले असतात.

ह्याखेरीज डी-५-एस आणि डी-८-एस असे दोन २५ वॉटचे, सुमारे २,००० ल्युमेनचे दिवे आहेत. त्यांचे कारण मजेदार आहे. २,००० ल्युमेनहून तेजस्वी दिवा असेल तर गाडीच्या ओझ्याप्रमाणे झोत आपोआप खालीवर करणारी यंत्रणा आणि दिव्याची काच धुणारा फवारा ही दोन्ही हवीत, असा आंतरराष्ट्रीय नियम झाला. नियम बरोबरच होता. धुळीने माखलेली काच उजेड चहूकडे फेकते आणि मागे सामान भरले की गाडीचे नाक वर उचलते. पण दोन्ही यंत्रणा महाग. म्हणून मर्यादेच्या आत बसेल असा लहान दिवा काढला गेला. लक्षात एवढेच ठेवावे, की सम-विषमाचा आपला नियम चारपर्यंतच चालतो. पाच आणि आठ ह्या दोघांतही स्टार्टर बुडालाच आहे, आणि पाचात तर चोकसुद्धा.

एक शब्द आणखी कानी पडतो, 'बाय-झेनॉन'. तो बल्बाचा प्रकार नव्हे, घराचा आहे. एकाच बल्बावर आतला पत्रा वर-खाली करून अप्पर आणि डिपर दोन्ही मिळवलेले असतात. ज्या गाडीत ही सोय नाही तिच्यात डिपर झेनॉनचा आणि अप्पर साध्या हॅलोजनचा असू शकतो. म्हणून दिवा आणायला जाताना 'पुढचा दिवा द्या' एवढे म्हणणे पुरत नाही.

नावाचा घोटाळा

बाजारात 'झेनॉन' ह्या एकाच नावाखाली तीन निरनिराळ्या वस्तू विकल्या जातात. पहिली वस्तू म्हणजे आत्ता सांगितलेला खरा झेनॉन दिवा, जो त्यासाठीच बनवलेल्या घरात बसतो.

दुसरी वस्तू म्हणजे निळसर काचेचा हॅलोजन. त्यात तार असते, चोक नसतो. काचेला निळी झाक दिलेली असते आणि खोक्यावर मोठ्या अक्षरांत झेनॉन लिहिलेले असते. काहींत तारेभोवतीच्या वायूत थोडा झेनॉन मिसळलेलाही असतो. त्यामुळे खोक्यावरचा शब्द खोटा म्हणता येत नाही आणि खराही म्हणता येत नाही. हा दिवा योग्य वॉटचा असेल तर धोका मोठा नाही. फक्त निळ्या काचेने पिवळा उजेड गाळला म्हणजे उजेड वाढत नाही, कमी होतो, हे पैसे देण्यापूर्वी समजलेले बरे.

तिसरी वस्तू घातक आहे. ती म्हणजे हॅलोजनच्या एच-४ किंवा एच-७ घरात बसवण्याची 'किट'. तिच्यात कमानीचा बल्ब असतो, पण बूड हॅलोजनचे केलेले. सोबत चोक आणि वायरी. पाच-पन्नास मिनिटांत बसते, लखलखाट होतो आणि गिऱ्हाईक खूश होते. यात वाईट काय? वाईट हे, की हेडलाइटचे घर म्हणजे नुसता डबा नव्हे. त्याच्या वाटीचा प्रत्येक बाक त्या बारीक तारेच्या नेमक्या जागेवरून निघणाऱ्या किरणांसाठी आखलेला असतो. तारेऐवजी तिथे जाड, फुगीर कमान आली, जागा मिलिमीटर-दोन मिलिमीटर सरकली, की किरण ठरलेल्या वाटेने जात नाहीत. एच-४ मध्ये तर डिपरच्या तारेखाली एक चिमुकली धातूची पन्हळ असते, ती वर जाणारा उजेड अडवते. तिचा आणि तारेचा मेळ बिघडला तर डिपर हा डिपर राहतच नाही. एच-७ चा हॅलोजन ५५ वॉटमध्ये सुमारे १,५०० ल्युमेन देतो. त्याच्या दुप्पट उजेड, तोही बेशिस्त, अशी ही किट. हल्ली तिच्याऐवजी एलईडीची किट मिळते. वस्तू बदलली तरी दोष तोच आहे.

येथे आमचे तरुण मित्र विचारतात, "पण आम्हांला रस्ता जास्त दिसतो, त्याचे काय?" दिसतो, पण जवळचा. गाडीपुढची दहा-पंधरा मीटर जमीन पांढरीफेक दिसते. तिने डोळ्याची बाहुली आक्रसते आणि दूरचे, जे खरे पाहायचे, ते अधिकच काळे होते. रंगाचेही तसेच. दिव्याच्या रंगाचे माप केल्विनमध्ये सांगतात. मूळ कंपन्यांचा झेनॉन सुमारे ४,३०० केल्विनचा, पांढरा, किंचित पिवळेपणाकडे झुकणारा असतो. दुकानात ६,००० आणि ८,००० चे आकडे दाखवतात आणि मोठा आकडा म्हणजे मोठा उजेड असे गिऱ्हाईक समजते. केल्विन हे रंगाचे माप आहे, उजेडाचे नव्हे. आकडा वाढतो तसा दिवा निळा होत जातो आणि उपयोगी उजेड घटतो. घाटातल्या पावसात आणि धुक्यात असा निळा झोत पुढे भिंत उभी करतो, हे रात्रीच्या ड्रायव्हरला विचारावे.

समोरच्याचे डोळे

आमची संघटना ड्रायव्हरांचीही आहे. म्हणून हा प्रश्न आम्ही दोन्ही बाजूंनी पाहतो. दिवा लावणारा एक असतो आणि तो सोसणारे शंभर असतात. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. समोरच्या झोताने दोन सेकंद डोळ्यांपुढे अंधारी आली, तर गाडी ३३ मीटर आंधळी धावते. वय वाढते तसे डोळ्याला सावरायला अधिक वेळ लागतो, आणि रात्रपाळीचा ड्रायव्हर काही नेहमी पंचविशीतला नसतो. आता आपल्याकडचा गाळपाचा हंगाम डोळ्यांपुढे आणा. कारखान्याच्या वाटेवर उसाच्या ट्रॉल्या रात्रभर चालू असतात. कित्येकांच्या मागे दिवा नसतो, लाल पट्टी असली तर चिखलाने झाकलेली असते. समोरून एक निळा झोत येऊन गेला की त्या दोन सेकंदांत पुढे ट्रॉली होती की नव्हती, हे ड्रायव्हरला ठोकर बसल्यावर कळते. पंचनाम्यात मात्र ज्याने दिपवले त्याचे नाव येत नाही. तो केव्हाच निघून गेलेला असतो.

कायदा ह्याबाबत मुका नाही. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १०६ वा नियम सांगतो, की पुढच्या दिव्याचा झोत कायम खाली वळवलेला असावा. इतका, की दिव्यापासून ८ मीटरवर, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचा डोळा असेल त्याला तो दिपवू शकणार नाही. ही दीड मीटर उंची कोणाची? जवळजवळ सायकलवरून येणाऱ्या माणसाच्या डोळ्याची. नियम करणाऱ्याच्या मनात तो माणूस होता. आपल्याही मनात असावा.

दिवा बदलताना

आता व्यवहाराचे सांगतो. जुना बल्ब काढून त्याची अक्षरे वाचावी आणि तीच अक्षरे असलेला बल्ब घ्यावा. एकाच्या जागी एक, तिनाच्या जागी तीन, 'एस' च्या जागी 'एस'. आधीच्या मालकाने काही भलतेच बसवले असण्याचा संशय आला, तर दिव्याच्या घरावरील खूण पाहावी. युरोपीय पद्धतीच्या घरावर झेनॉनसाठी 'डी' ने आणि हॅलोजनसाठी 'एच' ने सुरू होणारी अक्षरे असतात : 'डीसी', 'डीसीआर', किंवा 'एचसी', 'एचसीआर'. घर 'एच' चे असेल तर त्यात कमानीचा दिवा शोभत नाही.

परदेशातून आलेले जुने घर स्वस्त मिळते म्हणून घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. आपण डावीकडून चालतो, म्हणून आपला डिपर डाव्या कडेला थोडा वर चढतो. कडेची माणसे आणि पाट्या दिसाव्यात म्हणून. जर्मनीत किंवा आखाती देशांत गाड्या उजवीकडून चालतात. तिथला डिपर उजवीकडे चढतो. ते घर इथे बसवले तर चढलेला झोत नेमका समोरून येणाऱ्याच्या तोंडावर जातो. डाव्या वाहतुकीसाठी बनवलेल्या घराच्या काचेवर एक बाण असतो. दिव्याकडे तोंड करून उभे राहिले की तो आपल्या उजव्या हाताकडे वळलेला दिसतो. बाण मुळीच नसेल तर ते घर उजवीकडून चालणाऱ्या देशाचे.

बल्ब जोडीने बदलावे. झेनॉन हॅलोजनपेक्षा पुष्कळ टिकतो, पण जुना होताना मंद होतो आणि त्याचा रंग पालटतो. एक जुना आणि एक नवा असला की दोन डोळे दोन रंगांचे दिसतात. एकच दिवा लागत नसेल तर नवा घेण्यापूर्वी डावा बल्ब उजवीकडे आणि उजवा डावीकडे घालून पाहावे. दोष बल्बाबरोबर सरकला तर बल्ब गेला आहे; जागीच राहिला तर चोक किंवा वायर. ह्या साध्या युक्तीने हजारोंचा खर्च वाचतो.

काम करणाऱ्या हातांसाठी दोन शब्द, कारण आम्ही त्यांचे वकील आहोत. वीस हजार व्होल्ट हा खेळ नव्हे. दिवा बंद करावा, किल्ली काढावी, बॅटरीची तार सोडावी आणि दिवा निवू द्यावा. मगच हात घालावा. कुपीत दाब असतो, म्हणून डोळ्यांना चष्मा आणि हातांत मोजे असावेत. बोटांचा तेलकटपणा काचेला लागू देऊ नये. बल्ब घराबाहेर धरून 'लागतो का पाहू' असे कधीही करू नये. पाऱ्याचा दिवा खोलीत फुटला तर दारे-खिडक्या उघडाव्यात, बाजूला व्हावे आणि तुकडे उघड्या हाताने गोळा करू नयेत. मेलेला दिवा उकिरड्यावर न टाकता घातक कचऱ्यात द्यावा. चष्मा आणि मोजे मालकाने पुरवावेत. त्यांची किंमत एका बल्बाच्या किमतीपुढे काहीच नाही.

शेवटी झोत तपासावा. सपाट जागी, भिंतीपासून दहा मीटरवर गाडी उभी करावी, चाकांत हवा पुरती असावी, ड्रायव्हरच्या जागी माणूस बसवावा. दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने आखावी. दिव्याच्या घरावर एक टक्का असे लिहिले असेल तर उजेडाची वरची कड त्या रेघेच्या दहा सेंटिमीटर खाली पडली पाहिजे आणि डाव्या अंगाला वर चढली पाहिजे. खडू आणि भिंत, एवढ्याने ढोबळ परीक्षा होते.

आता त्या फिटरच्या खटल्याचे काय झाले ते सांगून संपवतो. सुनावणीच्या दिवशी आम्ही दोन्ही बल्ब टेबलावर ठेवले आणि मालकाच्या हाती भिंग दिले. त्याने दोन्ही आकडे वाचले, घासलेला दाता पाहिला आणि बराच वेळ काही बोलला नाही. बल्ब त्याने आणवला होता, कानस मारायला त्यानेच सांगितले होते. कपात रद्द झाली. जे दोन हप्ते कापले गेले होते ते परत मिळाले. तेवढ्याने आम्ही समाधान मानले असते. पण जिना उतरताना तो पोरगा म्हणाला, "दादा, दाता घासताना मला वाटलं होतं की हे चुकतंय. पण का चुकतंय, ते मालकाला कसं सांगू?" त्या वाक्याने आमचे समाधान गेले. हक्क आम्ही त्याला मिळवून दिला होता. नाही म्हणण्याचे शब्द मात्र कोणीच दिले नव्हते. त्या महिन्यापासून आमच्या कचेरीच्या भिंतीवर ह्या दिव्यांच्या अक्षरांचा तक्ता लावला आहे आणि दर रविवारी कोणी ना कोणी फिटर तो उतरवून घेतो.

समोर बसलेल्यांत पुष्कळजण गाड्यांचे मालक आहेत. त्यांना आमची एकच विनंती आहे. तुमचा मिस्त्री कधी म्हणाला, की "साहेब, हा इथे बसत नाही," तर त्याला "बसव" म्हणू नका. "का बसत नाही?" असे विचारा आणि त्याच्याबरोबर वाकून ती बारीक अक्षरे तुम्हीही वाचा.